धोतऱ्याच्या परागातून उगवलं रोप! शेतीला नवी वाट दाखवणारे पंचानन माहेश्वरी

केळीची टिश्यू कल्चरची रोपं आता गावोगावी ओळखीची झाली आहेत. पिशवीतलं वीतभर रोप, सगळी एकसारखी, सगळी जवळपास एकाच वेळी निसवणारी. पूर्वी मुनवे आणि कंद लावले की बागेत एक झाड पुढं, एक मागं. घड काढायला महिना-दोन महिने फरक पडायचा. हा फरक कमी झाला तो काचेच्या बाटलीत रोपं वाढवायच्या विद्येमुळं. मराठीत तिला ऊती संवर्धन म्हणतात.

ही विद्या एका माणसाची नाही. जर्मनी, फ्रान्स, अमेरिका, जपान अशा अनेक देशांतल्या लोकांनी तिच्यात भर घातली. पण तिच्यातला एक मोठा टप्पा आपल्या देशात, दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात घडला. धोतऱ्याच्या फुलातल्या परागकणापासून तिथं अख्खं रोप तयार झालं. जगात असं पहिल्यांदाच झालं होतं. तो विभाग ज्यांनी उभा केला त्यांचं नाव प्राध्यापक पंचानन माहेश्वरी. शेतकऱ्यांच्या घरात हे नाव फारसं पोहोचलेलं नाही. म्हणून ही ओळख.

जयपूरचा मुलगा, अलाहाबादचे गुरू

पंचानन माहेश्वरी यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९०४ रोजी जयपूरला झाला. कॉलेजच्या शिक्षणासाठी ते अलाहाबादला गेले. तिथल्या युइंग ख्रिश्चन कॉलेजात विनफिल्ड डजन नावाचे अमेरिकन मिशनरी प्राध्यापक वनस्पतिशास्त्र शिकवत होते. या गुरूनं माहेश्वरींच्या आयुष्याला दिशा दिली.

डजन विद्यार्थ्यांना फक्त पुस्तकातून शिकवत नसत. रानात न्यायचे, झाडं दाखवायचे, फुलं तोडून आणायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्वतःच्या डोळ्यांनी बघायची अशी त्यांची शिस्त होती. माहेश्वरींना त्याची गोडी लागली. १९२५ मध्ये ते बी.एस्सी. झाले, १९२७ मध्ये एम.एस्सी. आणि १९३१ मध्ये अलाहाबाद विद्यापीठाची डी.एस्सी. ही मोठी पदवी मिळाली.

या गुरू-शिष्यांची एक गोष्ट आजही सांगितली जाते. शिक्षण पुरं झाल्यावर माहेश्वरींनी डजन यांना गुरुदक्षिणा काय देऊ असं विचारलं. त्यावर गुरूंनी पैसा-अडका काही मागितलं नाही. मी तुझ्यासाठी जे केलं तेच तू तुझ्या विद्यार्थ्यांसाठी कर, एवढंच त्यांनी मागितलं. माहेश्वरींनी पुढची पस्तीस वर्षं हीच दक्षिणा फेडली. त्यांचं पुढचं काम बघितलं की हे पटतं.

फुलाच्या पोटात काय चालतं?

माहेश्वरींचा विषय होता वनस्पतींचं भ्रूणशास्त्र. नाव अवघड आहे, पण विषय शेतकऱ्याच्या रोजच्या बघण्यातला आहे. फूल येतं, फळ धरतं, दाणा भरतो. या मधल्या दिवसांत फुलाच्या पोटात नेमकं काय घडतं, त्याचा अभ्यास म्हणजे भ्रूणशास्त्र.

परागकण फुलाच्या टोकावर पडतो. तिथं तो रुजतो आणि त्याला बारीक नळी फुटते. ही नळी खाली बीजांडापर्यंत जाते. तिच्यातून दोन नरपेशी आत जातात. एक नरपेशी मादीपेशीला मिळते आणि त्यातून अंकुर तयार होतो. दुसरी नरपेशी आतल्या दुसऱ्या एका पेशीला मिळते आणि त्यातून अंकुराचं अन्न तयार होतं. ज्वारीच्या किंवा गव्हाच्या दाण्यात जे पीठ असतं ते बहुतेक हेच अन्न. नारळाचं पाणी आणि खोबरं हेही तेच. म्हणजे आपण जी भाकरी खातो ती मुळात अंकुरासाठी साठवलेली शिदोरी आहे.

हे सगळं डोळ्यांना दिसत नाही. कळी मेणात बसवायची, तिचे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतके पातळ काप काढायचे, त्यांना रंग द्यायचा आणि एक-एक काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. एका झाडाची पूर्ण गोष्ट कळायला शेकडो काप लागतात. काम अत्यंत किचकट, आणि त्यातून लगेच पीक वाढत नाही की पैसा मिळत नाही. माहेश्वरींनी उमेदीची वर्षं या कामात घातली.

आग्रा, ढाका आणि फाळणी

१९३० मध्ये माहेश्वरी आग्रा कॉलेजात शिकवायला लागले. साधनं कमी होती. घरातही काम चालायचं. त्यांच्या पत्नी शांती यांनीही काप तयार करायच्या कामात त्यांना हातभार लावला. १९३६-३७ मध्ये ते युरोपला गेले आणि तिथल्या नावाजलेल्या प्रयोगशाळा बघून आले. त्यानंतर अलाहाबाद आणि लखनौला थोडा थोडा काळ काढून १९३९ मध्ये ते ढाका विद्यापीठात गेले.

ढाक्यात त्यांनी दहा वर्षं काढली. ही दहा वर्षं साधी नव्हती. दुसरं महायुद्ध आलं, १९४३ चा बंगालचा भयानक दुष्काळ आला, आणि १९४७ मध्ये फाळणी झाली. ज्या शहरात त्यांनी विभाग उभा केला ते शहर एका दिवसात दुसऱ्या देशात गेलं. तरी ते १९४९ पर्यंत तिथंच काम करत होते.

मग दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू सर मॉरिस ग्वायर यांनी त्यांना बोलावून घेतलं. १९४९ मध्ये ते दिल्लीला वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि अखेरपर्यंत तिथंच राहिले.

दिल्लीत उभा राहिला जगाच्या नजरेतला विभाग

१९५० मध्ये माहेश्वरींचं मोठं पुस्तक अमेरिकेतून प्रसिद्ध झालं. सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणशास्त्राची ओळख करून देणारं हे पुस्तक. इकडं-तिकडं विखुरलेली माहिती त्यांनी एका जागी नीट मांडली होती. त्याचं रशियनमध्येही भाषांतर झालं. कित्येक वर्षं जगभरचे विद्यार्थी या विषयाची सुरुवात याच पुस्तकानं करत होते.

१९५१ मध्ये त्यांनी वनस्पतींच्या रचनेचा अभ्यास करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली आणि फायटोमॉर्फॉलॉजी नावाचं नियतकालिक सुरू केलं. परदेशी शास्त्रज्ञांचे निबंध आता दिल्लीहून छापले जायला लागले. स्वातंत्र्य मिळून चार वर्षं झाली होती, त्या काळातली ही गोष्ट आहे.

काम मात्र नुसतं काप बघण्यावर थांबलं नाही. फुलात काय घडतं हे कळलं, आता ते आपल्या हातानं घडवता येईल का, हा पुढचा प्रश्न होता. इथून ऊती संवर्धनाची वाट सुरू झाली.

मूळपेशी म्हणजे काय?

ऊसाचा डोळा लावला की अख्खा ऊस होतो. गुलाबाची काडी लावली की मुळं फुटतात. डाळिंबाची गुटी बांधली की नवं रोप मिळतं. हे का होतं? कारण झाडाच्या शेंड्यात, डोळ्यात, मुळाच्या टोकाशी आणि साल व लाकूड यांच्या मधल्या थरात अशा पेशी असतात की ज्यांचं काम अजून ठरलेलं नसतं. त्या सारख्या वाढत राहतात आणि त्यांच्यापासून पान, खोड, मूळ, फूल काहीही होऊ शकतं. आजच्या भाषेत त्यांना मूळपेशी किंवा स्टेम सेल म्हणतात.

माणसात आणि झाडात इथं मोठा फरक आहे. माणसाचं बोट तुटलं तर त्या बोटातून माणूस तयार होत नाही. झाडात मात्र ज्या पेशीचं काम ठरून गेलं आहे, तीही योग्य खाणं-पाणी मिळालं तर मागं फिरू शकते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करू शकते. १९०२ मध्ये ऑस्ट्रियाचे हाबरलांट यांनी हा विचार मांडला होता. त्यांनी पानातल्या सुट्या पेशी वाढवून बघितल्या, पण त्यांना यश आलं नाही. पेशी जगल्या, वाढल्या, पण एकीच्या दोन झाल्या नाहीत. त्यांना काय खायला द्यायचं हेच तेव्हा कळलं नव्हतं.

पुढं १९३९ च्या आसपास फ्रान्स आणि अमेरिकेत ऊती बाटलीत सतत वाढवता आल्या. १९४१ मध्ये अमेरिकेत धोतऱ्याच्या कोवळ्या गर्भांना नारळाचं पाणी देऊन वाढवलं. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी रोगट डेलियाच्या झाडाचा अगदी टोकाचा बारीक शेंडा काढून निरोगी रोप केलं, कारण त्या टोकापर्यंत विषाणू सहसा पोहोचत नाही. १९५८ मध्ये स्टुअर्ड यांनी अमेरिकेत गाजराच्या पेशींपासून गर्भ तयार झाल्याचं दाखवलं. १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी क्षार, साखर वगैरेंचं जे मिश्रण ठरवून दिलं ते आजही बहुतेक प्रयोगशाळांत वापरतात.

माहेश्वरींचं लक्ष या सगळ्यावर होतं. डिसेंबर १९६१ मध्ये त्यांनी दिल्लीत या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. आपल्या विद्यार्थ्यांना त्यांनी फुलातले भाग बाटलीत वाढवायला लावले. त्यांचा विभाग इतरांपेक्षा वेगळा ठरला तो इथं. बाकीचे लोक मूळ, खोड, गाजराचे तुकडे घेऊन बसले होते. दिल्लीकरांना फुलाचा कोपरा न् कोपरा माहीत होता, म्हणून त्यांनी फूलच हातात घेतलं.

लिंबाचं बी, खसखस आणि इंजेक्शन

संत्र्याची कलमं करणाऱ्यांना एक गोष्ट माहीत असते. जंबेरीचं एक बी लावलं की पुष्कळदा दोन-तीन कोंब येतात. त्यातला एखादा परागातून झालेला असतो, बाकीचे थेट आईच्या ऊतीतून आलेले असतात. आईच्या ऊतीतून आलेले कोंब हुबेहूब आईसारखे निघतात. म्हणून तर बियांपासून केलेला खुंट बराचसा एकसारखा मिळतो. माहेश्वरींच्या विभागात एन. एस. रंगास्वामी यांनी लिंबाच्या कुळातल्या झाडाची हीच आतली ऊती काढून बाटलीत वाढवली आणि तिच्यापासून गर्भ आणि रोपं मिळवली.

दुसरं काम अफूच्या, म्हणजे आपल्या खसखशीच्या कुळातल्या झाडांवर झालं. वेगवेगळ्या जातींचा संकर करताना एक अडचण नेहमी येते. परक्या जातीचा पराग फुलाच्या टोकावर रुजतच नाही. किंवा रुजला तरी नळी अर्ध्यात थांबते. मग संकर होणार कसा? विभागातल्या कुसुम कांता यांनी १९६० मध्ये परागकण पाण्यात मिसळून सुईनं थेट फुलाच्या अंडाशयात सोडले. बी धरलं.

मग १९६२ मध्ये त्याच्याही पुढं जाऊन बीजांडं फुलातून बाहेर काढली, काचेच्या नळीत ठेवली आणि त्यांच्यावर पराग टाकला. फूल नाही, झाड नाही, नुसती नळी. त्या नळीत फळधारणा झाली आणि बी तयार झालं. कांता, रंगास्वामी आणि माहेश्वरी यांचा हा निबंध इंग्लंडच्या नेचर या नियतकालिकात आला. टेस्ट ट्यूब बेबीची बातमी जगानं १९७८ मध्ये ऐकली. झाडांच्या बाबतीत दिल्लीनं ते सोळा वर्षं आधी करून दाखवलं होतं.

तिसरं काम १९६५ चं. विभागातले बी. एम. जोहरी आणि एस. एस. भोजवानी यांनी दाण्यातल्या शिदोरीच्या ऊतीपासून, म्हणजे ज्यापासून पीठ होतं त्या भागापासून, कोंब मिळवले. या ऊतीत गुणसूत्रांचे तीन संच असतात. आपली खायची केळी आणि बिनबियांचं कलिंगडही असंच तीन संचाचं असतं. म्हणून या प्रयोगाकडं जगाचं लक्ष गेलं.

१९६४ : धोतऱ्याची कमाल

सगळ्यात मोठी गोष्ट घडली ती धोतऱ्यावर. बांधावर उगवणारा, गुरंही तोंड न लावणारा धोतरा.

विभागात शिप्रा गुहा नावाच्या तरुण संशोधक होत्या. त्यांची पीएच.डी. कांद्याच्या फुलावर झाली होती. त्यांनी धोतऱ्याच्या कळीतले परागकोश, म्हणजे पराग भरलेल्या पिशव्या काढून पोषक मिश्रणावर ठेवल्या. पेशी कशा विभागतात हे त्यांना बघायचं होतं. काही आठवड्यांनी बघतात तर परागकोशातून बारीक बारीक हिरवे गर्भ डोकावत होते. पुढं त्यांची रोपं झाली.

हे अपेक्षित नव्हतं. पहिला प्रश्न हाच की ही रोपं आली कुठून? परागकोशाच्या भिंतीतून आली असती तर त्यात विशेष काही नव्हतं. गुहा आणि पंचानन माहेश्वरींचे चिरंजीव सतीशचंद्र माहेश्वरी यांनी १९६४ मध्ये नेचरमध्ये निष्कर्ष छापला, पण घाईनं मोठा दावा केला नाही. पुन्हा प्रयोग केले, काप काढले, तपासलं. १९६६ मध्ये दुसरा निबंध आला आणि रोपं परागकणापासूनच आली आहेत हे स्पष्ट झालं.

परागकणाचं काम ठरलेलं असतं. नरपेशी घेऊन जायचं आणि संपायचं. त्या पेशीनं आपली वाट सोडली आणि ती अख्खं झाड व्हायला निघाली. हाबरलांट यांनी साठ वर्षांपूर्वी जे मनात धरलं होतं, ते इथं अगदी अनपेक्षित जागी दिसलं.

शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग?

हायब्रीड मक्याचं किंवा टोमॅटोचं बी घरी धरून पुढच्या वर्षी लावलं तर काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. एक झाड उंच, एक बुटकं, फळं लहान-मोठी. कारण त्या बियाण्यात आई आणि बापाकडून आलेले दोन वेगळे संच असतात आणि पुढच्या पिढीत ते विस्कटतात.

नवा वाण करताना पैदासकाराला हेच विस्कटणं थांबवावं लागतं. संकर केल्यावर चांगली झाडं निवडायची, त्यांचं स्वतःचं बी धरायचं, पुन्हा लावायचं, पुन्हा निवडायचं. असे सहा ते आठ हंगाम गेले की वाण स्थिर होतो. म्हणजे एका वाणामागं पैदासकाराच्या आयुष्यातली कित्येक वर्षं जातात.

परागकणात मात्र एकच संच असतो. त्यापासून झालेलं रोपही एकेरी संचाचं. असं रोप बी धरत नाही, ते वांझ असतं. पण त्याचा संच दुप्पट केला की दोन्ही संच तंतोतंत सारखे होतात. विस्कटायला काही उरतच नाही. सहा-आठ हंगामांचं काम एका पिढीत होतं. संच दुप्पट करायला कोल्चिसिन नावाचं द्रव्य वापरतात. आपल्याकडची कळलावी आहे ना, तिच्यातही हे द्रव्य असतं. ते अत्यंत विषारी आहे, घरी प्रयोग करायची गोष्ट नव्हे.

दिल्लीचा निबंध आल्यावर जगभर धावपळ सुरू झाली. फ्रान्समध्ये १९६७ मध्ये तंबाखूची एकेरी रोपं मिळाली. जपानमध्ये १९६८ मध्ये भाताची मिळाली. पुढं चीननं या पद्धतीनं भात, गहू, तंबाखूचे वाण काढून शेतापर्यंत नेले. मक्यात आज वेगळ्या वाटेनं एकेरी रोपं काढतात, पण संच दुप्पट करून एका झटक्यात शुद्ध वाण मिळवायचं तत्त्व तेच आहे. दुकानात जे हायब्रीड मक्याचं बी मिळतं, त्यातल्या कित्येकांचे आई-बाप आज असेच तयार होतात.

श्रेय कुणाचं?

या गोष्टीत एक मुद्दा नीट सांगायला हवा. धोतऱ्याच्या परागकोशातले गर्भ पहिल्यांदा बघितले ते शिप्रा गुहा यांनी. दोन्ही निबंधांवर त्यांचं नाव पहिलं आहे, सतीशचंद्र माहेश्वरींचं नंतर. अफूच्या कामात कुसुम कांता यांचं नाव पहिलं आहे. विभागप्रमुखाचं नाव आधी आणि राबणाऱ्याचं शेवटी, किंवा नाहीच, असं पुष्कळ ठिकाणी होतं. इथं तसं झालं नाही.

दुसरं म्हणजे त्या काळात मुली विज्ञानाच्या प्रयोगशाळेत क्वचितच दिसायच्या. माहेश्वरींच्या विभागात मुली संशोधन करत होत्या आणि जगाच्या पहिल्या रांगेतलं काम करत होत्या. शिप्रा गुहा पुढं गुहा-मुखर्जी झाल्या, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. २००७ मध्ये त्यांचं निधन झालं. माहेश्वरींचे चिरंजीव सतीशचंद्र हेही दिल्ली विद्यापीठात नावाजलेले वनस्पतिशास्त्रज्ञ झाले.

माहेश्वरी कामाच्या बाबतीत कडक होते. पण डजन गुरूंनी मागितलेली दक्षिणा त्यांनी फेडली ती अशी. विद्यार्थ्यांना जागा दिली, विषय दिला आणि त्यांचं नाव त्यांना दिलं.

शाळेच्या मुलांसाठीही त्यांनी काम केलं. एनसीईआरटीनं १९६४ मध्ये उच्च माध्यमिक शाळांसाठी जीवशास्त्राचं पाठ्यपुस्तक काढलं, ते त्यांच्या देखरेखीखाली तयार झालं. तोवर आपली मुलं बहुतेक परदेशी झाडांची उदाहरणं वाचत होती. १९६५ मध्ये त्यांनी उमराव सिंग यांच्यासोबत भारतातल्या उपयोगी वनस्पतींचा कोश केला. तो भारतीय कृषी संशोधन परिषदेनं छापला.

दुष्काळाच्या सालात निरोप

१९६५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं माहेश्वरींना सदस्य करून घेतलं. शास्त्रज्ञाच्या आयुष्यातला हा फार मोठा मान. पण हा मान त्यांना फार दिवस मिरवता आला नाही. १८ मे १९६६ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. वय अवघं ६१.

ते साल देशासाठी वाईट होतं. पाऊस दगा देऊन गेला होता, अमेरिकेतून जहाजं भरून गहू येत होता. १९६६ या एका वर्षात सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावं लागलं. त्याच वर्षी मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचं १८ हजार टन बियाणं मागवलं आणि हरित क्रांतीची सुरुवात झाली.

अशा काळात धोतऱ्याच्या कळ्या कापत बसण्याला काय अर्थ, असं कुणालाही वाटलं असतं. लोकांना भाकरी पाहिजे आणि हे लोक फुलात डोकं घालून बसलेत. हा प्रश्न खोटा नाही. पण त्याचं उत्तरही धोतऱ्यातच आहे. मेक्सिकोचा गहू लगेच कामी आला, कारण तो तयार करायला कुणीतरी आधी वीस वर्षं घालवली होती. आज कामाला येणारं ज्ञान काल कुणीतरी उपयोगाचा हिशोब न करता मिळवलेलं असतं. विहीर तहान लागल्यावर खणून चालत नाही, हे शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको.

खेद एका गोष्टीचा आहे. शोध दिल्लीत लागला, पण त्यावरून वाण काढून शेतात नेण्यात जपान, चीन आणि युरोप आपल्या पुढं गेले. प्रयोगशाळा आणि शेत यांच्यातला रस्ता आपल्याकडं अरुंद राहिला. माहेश्वरी आणखी दहा-पंधरा वर्षं जगले असते तर काय झालं असतं, ते सांगता येत नाही.

आपल्या बांधावर काय आलं?

महाराष्ट्रात ही विद्या दुसऱ्या वाटेनं आली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ऊती संवर्धनाचं मोठं काम झालं. १९९० मध्ये तिथं बांबूला काचेच्या नळीत फुलं आणली, आणि ही बातमी जगभर गेली, कारण रानातल्या कित्येक बांबूंना फूल यायला दशकं लागतात. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये उसाची टिश्यू कल्चर रोपं तयार होतात, त्यातून बेणेमळे उभे राहतात. जळगावच्या केळी पट्ट्यात ग्रँड नैनची, म्हणजे जी-९ ची रोपं पसरली आणि केळीची शेतीच बदलली.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. टिश्यू कल्चर म्हणजे रोगाविरुद्ध कवच नव्हे. एका झाडापासून हजारो रोपं होतात. ते मूळ झाड निरोगी असेल तर सगळी रोपं निरोगी. त्यात विषाणू असेल आणि तपासणी झाली नसेल तर तोच विषाणू हजारो रोपांतून हजारो शेतांत जातो. शेतात लावल्यावरही माव्याच्या मार्फत हरण्या म्हणजे सीएमव्ही, आणि पर्णगुच्छ हे रोग येऊ शकतात. म्हणून रोपं घेताना चार गोष्टी बघाव्यात:

- मातृवृक्षाची आणि रोपांची विषाणू तपासणी झाल्याचा दाखला मागावा.
- पक्कं बिल घ्यावं, त्यावर वाणाचं नाव आणि बॅच नंबर असावा.
- रोपं नर्सरीत नीट कणखर केलेली असावीत. कोवळी, पिवळट, वेडीवाकडी रोपं बाजूला काढावीत.
- बागेत आणि बांधावर काकडी, भोपळा अशी वेलवर्गीय पिकं व माव्याला आसरा देणारं तण ठेवू नये. रोगट झाड दिसलं की उपटून नष्ट करावं.

ही काळजी म्हणजे माहेश्वरींच्या शिस्तीचाच एक भाग समजायला हरकत नाही. त्यांच्या विभागात १९६४ मध्ये इतका मोठा शोध हाती आला होता, तरी रोपं नेमकी कुठून आली हे तपासून झाल्याशिवाय शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी पुढचा शब्द उच्चारला नाही. रोपं विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानंही तेवढंच विचारायचं आहे: हे रोप आलं कुठून?